खोटा-खोटा गोठा: तीन ते सहा वर्षांच्या मुलांची गणिताची पायाभरणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मिरवायला आणतात. त्या रांगेजवळ जरा वेळ उभं राहिलं की गणित कानावर पडतं. ‘माझा बैल तुझ्यापेक्षा उंच.’ ‘मी आधी आलो, तू माझ्या मागं.’ ‘याचं एक चाक निघालंय, तीनच उरली.’ यातलं एकही वाक्य कुणी पाठ करून घेतलेलं नसतं. खेळात ती लागतात, म्हणून तोंडात येतात.

घरात किंवा बालवाडीत खोटा-खोटा गोठा कसा मांडायचा आणि त्यातून मोजणी, तुलना, गट पाडणं, मापं आणि बेरीज-वजाबाकीची पहिली समज कशी घडवायची, ते इथे पायरीपायरीनं सांगते. पण एक गोष्ट आधीच ठामपणे सांगायला हवी. खेळात प्राणी आणले की गणित आपोआप येतं, असं नाही. गाईची चित्रं समोर ठेवून ‘मोज बरं किती?’ असं विचारलं तर ती तोंडी परीक्षाच झाली, फक्त मण्यांच्या जागी गाई आल्या. खेळात काम असं पाहिजे की संख्येशिवाय ते पुरंच होणार नाही. पेंढी कमी पडली तर कालवड उपाशी राहील. एक दावं रिकामं राहिलं तर कुणीतरी हरवलंय. मुलाला मोजावंसं वाटलं पाहिजे, आणि ते गाईसाठी वाटलं पाहिजे.

गोठाच का, असं कुणी विचारील. जनावराच्या गरजा ठरलेल्या असतात आणि त्या मोजता येतात. प्रत्येकाला एक खुंटा, एक दावं, ठरलेली वैरण, सकाळ-संध्याकाळ धार. शिवाय आपल्याकडे याला जुना आधारही आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडला गेलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून तिथे शाळाच कुरणावर नेली आणि ‘कुरणशाळा’ भरवली. खडे, शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. या खेळालाही दुकानातून काही आणावं लागत नाही, ते त्यांच्याकडूनच शिकण्यासारखं आहे.

आधी मूल कुठं आहे ते पाहा

‘आमचा एक ते वीस घडाघडा म्हणतो’ हे ऐकून पालकांना समाधान वाटतं, पण आकडे म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकड्यांची माळ मूल गाण्यासारखी पाठ करतं. मोजताना त्याला एका वस्तूला एकच आकडा द्यावा लागतो, कुणाला वगळायचं नसतं, कुणाला दोनदा शिवायचं नसतं, आणि शेवटी म्हटलेला आकडा हीच सगळ्यांची मिळून संख्या हे कळावं लागतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत उशिरा येते.

ती आली का ते बघायची सोपी रीत आहे. बरीचशी खेळणी समोर ठेवा आणि म्हणा, ‘मला तीन शेळ्या दे.’ कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली अशाच मागणीवरून मुलांची समज तपासली होती. त्यांना दिसलं ते आपल्यालाही घरात दिसतं. मूल आधी ‘एक’ बरोबर देतं आणि त्यापुढच्या कुठल्याही संख्येला मूठभर उचलतं. काही महिन्यांनी ‘दोन’ पक्के होतात, मग ‘तीन’. त्यानंतर कधीतरी एकदम उजेड पडतो आणि पाच, सहा, आठ सगळंच मोजून देता येतं. बहुतेक मुलांचा हा प्रवास अडीच ते साडेचार वर्षांच्या आसपास होतो. मागेपुढे झालं तर काळजीचं कारण नाही.

‘दोन’पर्यंतच पोहोचलेल्या मुलाच्या गोठ्यात दहा गाई बांधू नका. त्याच्यासाठी तीन पुष्कळ. तीन-चार बरोबर देणाऱ्याला पाच-सहा द्या. मुलाला जमतं त्याच्या एक पायरी पुढे, एवढंच अंतर ठेवा.

सामान

जनावरं मातीची असली तर उत्तम. पोळ्याच्या वेळी बाजारात मातीचे बैल मिळतात, ते जपून ठेवा. नाहीतर कणकेची, जाड पुठ्ठ्याची, जुन्या सॉक्समध्ये कापूस भरून केलेली चालतात. निदान तीन जातींची हवीत: गाई, शेळ्या, कोंबड्या. त्यातही लहान-मोठी असावीत, म्हणजे वासरू, करडू, पिल्लू हे शब्दही खेळात येतात.

याशिवाय लागेल ते असं:

- खुंट्यांसाठी कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा मातीच्या गोळ्यात खोचलेल्या काड्या
- दाव्यासाठी सुतळीचे सारख्या लांबीचे तुकडे
- गव्हाणीसाठी बिस्किटांच्या पुड्यातले खाचांचे ट्रे किंवा करवंट्या
- पेंढ्यांसाठी झाडूच्या काड्यांचे तुकडे, पेंडेसाठी चिंचोके
- अंड्यांचा तीस खाचांचा कागदी ट्रे, हा आवर्जून ठेवा
- एक वही आणि जाड खडू

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके आणि खडे त्याच्या हाती लागू देऊ नका. नाकात किंवा घशात अडकतात. तिथे मोठ्या बाटल्यांची झाकणं वापरा.

पहिली पायरी: बांधाबांध

संध्याकाळ झाली, गुरं रानातून परत आली, आता प्रत्येकाला बांधायचं. खुंटे आधीच एका ओळीत रोवून ठेवा, जनावरांइतकेच. मूल एकेका खुंट्याशी एकेक जनावर आणून बांधतं. इथे आकडा म्हणायची गरजच नाही आणि आपणही म्हणू नये. ‘सगळ्यांना जागा मिळाली का गं?’ एवढं पुरे. जोडीला जोडी लावणं ही मोजणीच्याही आधीची पायरी आहे.

दोन-तीन दिवसांनी गुपचूप एक खुंटा काढून ठेवा. एक गाय उभीच राहते. मूल थबकतं, इकडेतिकडे बघतं. ‘हिला कुठं बांधू?’ हा प्रश्न त्यालाच पडू द्या, उत्तर देण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी उलट करा, एक खुंटा जास्तीचा ठेवा. ‘कमी’, ‘जास्त’, ‘पुरले’, ‘उरले’, ‘सारखे’ हे शब्द इथे जितके पक्के होतात तितके वहीतल्या दोन चित्रांखाली होत नाहीत.

बांधताना जागेचे शब्द मुद्दाम वापरा. काळी गाय दाराशी, वासरू आईच्या शेजारी, बोकड सगळ्यांत कडेला, कोंबड्या वरच्या फळीवर. ‘तांबड्या आणि पांढऱ्या गाईच्या मधे कोण?’ हे शब्द पुढे भूमितीत लागतात, पण मुलाला त्यांची गरज आज आहे, कारण बोकड गाईशेजारी बांधला तर ढुशी मारील.

दुसरी पायरी: चाऱ्याची खेप

सगळ्या खेळातली ही सर्वांत मोलाची पायरी, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

एरवी मूल एक पेंढी उचलतं, गव्हाणीत टाकतं, दुसरी उचलतं. असं केलं की मोजावं लागत नाही. म्हणून पेंढ्यांची गंजी गोठ्यापासून लांब ठेवायची, शक्यतो दुसऱ्या खोलीत, जिथून गोठा दिसत नाही. आणि अट एकच घालायची: एका खेपेत आणायचं. चार वर्षांच्या नातवाबरोबर हा खेळ साधारण असा होतो:

‘जा रे, पाचही जनावरं हंबरतायत,’ असं आजीने म्हणायचं नाही! ‘पाच’ हा आकडा आपण सांगितला तर काम संपलं. तिनं म्हणायचं, ‘जा रे, सगळी हंबरतायत. कुणी उपाशी राहायला नको, तेवढ्या पेंढ्या आण. एका खेपेत हं.’

नातू पळत जातो, मूठभर काड्या आणतो, एकेका गव्हाणीत टाकतो.

‘आज्जी, उरल्या.’

‘उरल्या? किती?’

‘एक, दोन, तीन.’

‘वैरण महाग झालीय बाबा. नेऊन ठेव परत. आता पाणी पाजायचंय, एकेकाला एक बादली. या खेपेला काय करशील?’

तो जरा वेळ गोठ्याकडे बघतो. मग एकेका जनावराच्या पाठीला बोट लावत मोजतो, ‘एक, दोन, तीन, चार, पाच.’ आणि ‘पाच, पाच, पाच’ असं पुटपुटत आतल्या खोलीकडे निघतो.

त्या पुटपुटण्यात सगळं आलं. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या जनावरांची संख्या, ती डोक्यात धरून दुसऱ्या खोलीत नेता येते आणि तिथे तेवढ्याच बादल्या काढता येतात, हे त्याला उमगलंय. हे सांगून कळत नाही. खेपा कराव्या लागतात.

कमी आणल्या तर ‘चुकलं’ म्हणू नका. उपाशी राहिलेलं वासरूच हंबरू द्या, म्हणजे वासराच्या आवाजात तुम्ही बोला: ‘हम्मा! मला नाही मिळालं!’ मूल हसत पळतं आणि एक पेंढी आणतं. वासराने चूक दाखवली तर मुलाला वाईट वाटत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मूल वाटेतच विसरत असेल तर बोटांवर धरून न्यायला सांगा किंवा हाताशी खडे द्या, एका जनावराला एक खडा. मुठीतले खडे घेऊन जायचं आणि प्रत्येक खड्याला एक पेंढी जोडायची.

तिसरी पायरी: कोण हरवलं?

खेळ साधा आहे. मुलाने डोळे मिटायचे, तुम्ही एक-दोन जनावरं पदराखाली लपवायची. ‘लांडगा येऊन गेला वाटतं. सगळी आहेत का बघ.’

सुरुवातीला तीन-चारच ठेवा. इतकी जनावरं मुलाला न मोजताही एका नजरेत कळतात, आणि ती नजर तयार करणं हेही गणितच. फाशावरचे ठिपके आपण मोजत नाही, बघतो. जनावरं कधी ओळीत, कधी फाशाच्या चारसारखी, कधी तीन इकडे नि एक तिकडे अशी मांडा.

पुढे पाचावर या. ‘पाच होत्या, तीन दिसतायत. लांडग्याने किती नेल्या?’ उत्तर आल्यावर पदर बाजूला करा, खरंखोटं लगेच दिसतं. वजाबाकीचं चिन्ह, ‘वजा’ हा शब्द, काहीही इथे लागत नाही. ‘पाचातले तीन उरले तर दोन गेले’ ही जाण बोटांत बसली की पहिलीत चिन्ह ओळखीचं वाटतं.

घाबरट मूल असेल तर लांडगा नको. करडू शेजारच्या शेतात चरायला गेलं म्हणा.

अंड्यांचा ट्रे आणि दहाची ओळख

तीस खाचांच्या ट्रेमध्ये पाच-पाचच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींचे तीन तुकडे कापले की प्रत्येकात दहा खाचा येतात. हे झालं खुराडं, दहा खोल्यांचं. कोंबडी म्हणून बुचं किंवा चिंचोके ठेवा.

वरची ओळ आधी भरायची, मग खालची, हा नियम सोडू नका. सात कोंबड्या आल्या तर वर पाच आणि खाली दोन दिसतात. सात म्हणजे पाच आणि दोन, आणि दहाला तीन कमी, हे डोळ्यांनाच कळतं. ‘खुराडं भरायला अजून किती पाहुण्या कोंबड्या लागतील?’ या एका प्रश्नातून दहाच्या जोड्या हळूहळू पाठ होतात: सात-तीन, सहा-चार, आठ-दोन. मोठेपणी आपण मनात बेरीज करतो ती याच जोड्यांवर, त्यामुळे या खेळाला भरपूर वेळ द्या. महिनाभर चालला तरी हरकत नाही.

दहापुढे जायचं तेव्हा गोठ्यात पुन्हा कडबा येतो. कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो, हे गावाकडच्या मुलांनी ऐकलेलं असतं. खेळात दहा काड्यांची एक पेंढी बांधा, रबर लावून. तेरा काड्या म्हणजे एक पेंढी आणि तीन सुट्या. आपल्याकडे तेरा, चौदा, पंधरा, एकोणीस अशी प्रत्येक संख्येला वेगळी नावं असल्यामुळे मुलं इथे हमखास अडखळतात. नाव पाठ होईपर्यंत हातातली पेंढी आणि सुट्या काड्या त्याला संख्या दाखवत राहतात. मात्र साडेपाच वर्षांच्या आत ही घाई करू नये.

खुडूक कोंबडी

वेळ मोजणं मुलांना अवघड जातं, कारण दिवस हातात धरता येत नाही. इथे कोंबडी मदतीला येते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की साधारण २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. टोपलीत गवत, त्यात कागदाची अंडी, वर कापडी कोंबडी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पिल्लं निघायच्या तारखेवर मुलाकडून पिल्लाचं चित्र काढून घ्या. रोज सकाळी एक चौकट रंगवायची.

‘अजून किती दिवस?’ हा प्रश्न मुलं रोज विचारतात आणि रोज उरलेल्या चौकटी मोजतात. सात दिवसांची एक ओळ कशी संपते, सोमवार पुन्हा कसा येतो, ‘परवा’ म्हणजे किती लांब, हे सगळं त्यात येतं. एकविसाव्या रात्री अंड्यांच्या जागी कापसाची पिल्लं ठेवायला विसरू नका. इतके दिवस वाट पाहिलेल्या मुलाची सकाळी निराशा होता कामा नये.

दूध आणि सुतळी

धार काढायचा खेळ न्हाणीघरात किंवा अंगणात खेळा, कारण पाणी सांडणारच. वेगवेगळ्या आकाराची भांडी घ्या: उंच अरुंद बाटली, पसरट पातेलं, एक वाटी माप म्हणून. ‘काळ्या गाईने जास्त दूध दिलं की तांबड्या?’ मूल उंच बाटलीकडे बोट दाखवतं, मग तिच्यात कमी का असेना. या वयात ते तसंच असतं. उंची दिसते, रुंदी लक्षात येत नाही. वाद घालण्यापेक्षा वाटीने मोजा. बाटलीत तीन वाट्या, पातेल्यात पाच. डेअरीत माप लावतात तसं. आज पटलं नाही तरी चालेल, पुढच्या वेळी पुन्हा मोजू.

दाव्याची सुतळी लांबी शिकवते. एक दावं आखूड ठेवा म्हणजे गाईचं तोंड गव्हाणीपर्यंत पोहोचणार नाही. ‘हिला किती लांब दावं लागेल?’ मूल सुतळी लावून बघतं, कापतं, आखूड झाली तर गाठ मारतं. गाठ मारली की सुतळी आणखी आखूड होते हे बघून मुलं चक्रावतात, तो क्षण चुकवू नका. मोजपट्टी आता नको, वीत, टीच, बोटं पुरतात.

पोळ्याची माळ आणि बेडूकउड्या

बैलाच्या गळ्यातली माळ ओवताना दोन लाल, एक पिवळा, दोन लाल, एक पिवळा असा क्रम धरा आणि अर्ध्यावर माळ मुलाच्या हाती द्या. पुढचा मणी कुठला हे ओळखणं म्हणजे नियम ओळखणं. मग त्याला स्वतःचा नियम करू द्या आणि तुम्ही ओवा. मुद्दाम एक मणी चुकवला तर मुलं लगेच पकडतात आणि त्यांना फार आनंद होतो. मिरवणुकीच्या रांगेत पहिला, दुसरा, शेवटून दुसरा हे शब्द सहज येतात.

अंगणात खडूने एका सरळ रेषेत दहा चौकोन काढा, १ ते १० आकडे लिहा. हा नाला. मूल बेडूक. चिंचोके टाकून एक किंवा दोन घरं पुढे उडी मारायची. मूल तिनावर आहे आणि दोन आले, तर उडी मारताना ‘चार, पाच’ म्हणायचं, ‘एक, दोन’ नाही. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली शाळापूर्व वयाच्या मुलांबरोबर अशा सरळ पटाचा प्रयोग केला. आकड्यांच्या पटावर काही बैठका खेळलेल्या मुलांची संख्यांची समज सुधारली, तसाच पट फक्त रंगांचा घेऊन खेळलेल्यांची नाही. म्हणजे आकडे लिहायलाच हवेत आणि उडीबरोबर म्हणायलाही हवेत.

गाई जास्त की जनावरं जास्त?

गट पाडायचा खेळ ‘चाऱ्यावरून’ घ्या. गवत खाणारे इकडे, दाणे टिपणारे तिकडे. उद्या पायांवरून: दोन पायांचे, चार पायांचे. परवा शिंगांवरून. तीच जनावरं, पण गट दर वेळी वेगळे पडतात. गट कशावरून पाडला हे मुलाला विचारा आणि त्याचं कारण तुम्हाला विचित्र वाटलं तरी मान्य करा. ‘या झोपाळू आणि या जाग्या’ हेही वर्गीकरणच.

गोठ्यात पाच गाई आणि दोन शेळ्या असताना ‘गाई जास्त की जनावरं जास्त?’ असं विचारून बघा. पाच वर्षांचं मूल छातीठोकपणे ‘गाई’ म्हणेल. ते गाईंची शेळ्यांशी तुलना करतंय. अंश आणि पूर्ण एकाच वेळी मनात धरणं बहुतेक मुलांना सात वर्षांच्या आसपास जमतं. म्हणून हा प्रश्न गंमत म्हणून विचारा, शिकवायला बसू नका.

पायांची मोजणी मात्र खुशाल करा. दोन कोंबड्यांचे पाय चार, एका गाईचेही चार! ‘पडद्याखालून सहा पाय दिसतायत, आत कोण असेल?’ एक गाय आणि एक कोंबडी? तीन कोंबड्या? की मुंगळा? मोठ्या भावंडालाही यात मजा येते.

लिहिणं सगळ्यांत शेवटी

गोठ्याची वही ठेवा. सुरुवातीला मूल गाईचं चित्र काढतं, मग कंटाळून गाईऐवजी नुसत्या रेघा मारतं: गाईच्या चित्रापुढे चार रेघा, शेळीपुढे दोन. ही रेघ मोठी मजल आहे. खऱ्या गाईऐवजी खूण चालते हे त्याला कळलं. त्यानंतर ४ हा आकडा शिकवला तर तो चार रेघांची सोय वाटतो.

गावातल्या मुलांनी गाईच्या कानातला पिवळा बिल्ला पाहिलेला असतो, बारा आकडी नंबरचा. मुलं खेळातल्या जनावरांनाही बिल्ले लावतात. लावू द्या, पण तो नंबर गाईची ओळख आहे, मोजणी नव्हे. पाच नंबरची गाय म्हणजे पाच गाई नव्हेत. ‘तीन दे’ ही मागणी अजून पक्की नसलेल्या मुलाला यामुळे गोंधळायला होतं, त्याच्या गाईंना आकडे न लावता नावंच ठेवा: कपिला, गौरी, चांदी.

मोठ्यांनी काय बोलावं

गुराखी मूलच असावं, आपण फार तर गडी किंवा दूध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. प्रश्न विचारायचा तर भूमिकेतून विचारा. ‘मालक, तीन वाट्या दूध द्या, घरी पाहुणे आलेत’ हे वाक्य दहा प्रश्नांचं काम करतं. ‘दोन वाट्यांचे किती?’ असं म्हणत खरी एक-दोन रुपयांची नाणी हातावर ठेवा.

मुलाने बरोबर मोजलं की ‘शाब्बास, हुशार!’ म्हणून खेळ थांबवू नका. ‘बरं झालं, सगळ्यांची पोटं भरली’ म्हणा, आणि पुढचं काम काढा. चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, ‘मोजून बघू या का परत?’ एवढंच. आणि मूल गाईला दवाखान्यात घेऊन निघालं, तिचं लग्न लावायला लागलं, तर त्याच्या मागे जा. लग्नातही पंगत असतेच आणि पंगतीत पानं मांडायची असतात.

अंगणवाडीत वीस मुलं असली तर सगळ्यांचा एक गोठा करू नका. चार-पाच मुलांचा एक वाडा करा, प्रत्येक वाड्याला वेगळं काम द्या आणि ताईंनी एका वेळी एकाच वाड्यात बसावं. बाकीचे वाडे आपले आपण चालतात. भांडणं होतील, ‘तिला दोन पेंढ्या, मला एकच’ अशी. तीही तुलनाच आहे, मिटवण्याआधी कुणाकडे किती ते मुलांनाच मोजायला लावा.

फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या किंवा परदेशातल्या मराठी मुलाने गोठा पाहिलाच नसेल तर त्याने पाहिलेले प्राणी घ्या: गॅलरीतली कबुतरं, सोसायटीतली कुत्री, मांजरीची पिल्लं, तळ्यावरची बदकं. पिल्लांना दूध वाटायची खेप आणि पेंढ्यांची खेप यात गणित एकच. मात्र आकडे मराठीतच म्हणा, आणि मूल इंग्रजीत मोजायला लागलं तर तेही चालू द्या, मोजणं तुटू देऊ नका.

रोज वीस मिनिटं खेळ झाला तरी भरपूर. आवरताना डब्याच्या तळाशी प्रत्येक जनावराची आकृती काढून ठेवा, ज्याचं त्याच्या जागी ठेवायचं. एखादी आकृती रिकामी दिसली की मूल स्वतःच पलंगाखाली शोधायला जातं.